फॅट कुणी बघितलीया?

न्हाय न्हाय, तुमी आधी बसा पावणं, आणि मला एवढंच सांगा, फॅट कुणी बघितलीया? तुमी बघितलीया? म्या न्हाय. आमच्या बानं न्हाय. म्हस बघितली, दूध बघितलं, दुधावरची जाडजूड साय बघितली, पण फॅट? कसल्या रंगाची असती, दाताखाली लागती का न्हाय, काय पत्ता न्हाय! आणि त्या न बघितलेल्या फॅटपायी दूध डेअरीच्या फळ्यावर माझं नाव! खडूनं, ठळक! 'आकाराम साय काढून दूध घालतात. शेवटची ताकीद.' आणखी एकदा फॅट कमी लागली की आमचं दूध बंद. चाळीस वर्षं झाली हो, आमच्या घरच्या दुधाकडं कुणी बोट दाखवलं न्हाय, आणि आता मी कट्ट्यावरनं निघालो की कालची पोरं मागनं वरडत्यात, 'सायऽऽ!'

सुरवात झाली ती त्या मशिनपासनं. दोन हजार सालच्या पावसाळ्यात, मी टायफाईडनं उठलो त्याच टायमाला, डेअरीत मशिन आलं. आधी काचेची नळी हुती, त्यात ॲसिड घालायचं, गरागरा फिरवायचं, मग माणूस डोळा बारीक करून बघायचा... त्या माणसाशी भांडता तरी यायचं! ह्या मशिनशी काय भांडणार? ते घुर्र करतंय आणि लाल आकडा दावतंय. साडेपाच! आमच्या म्हशीला! जिला सात-साडेसातच्या खाली कधी लागली न्हाय! आणि तो जोतीराम, टेस्टर, मान वर न करता म्हणतोय कसा, "आण्णाऽ, डिग्री बरोबर हाय, पाणी न्हाय घातल्यालं. फॅटच न्हाय." आरं, पाणी न्हाय तर मग फॅट गेली कुठं? वाऱ्यानं उडाली? ह्यात कायतरी काळंबेरं हाय, म्या तवाच वळखलं. माणसावर इस्वास ठेवायचे दिवसच ऱ्हायले न्हाईत. ह्या आमच्या शिंप्याचंच घ्या, दिवाळीला सदरा शिवला, संक्रांतीला खालची दोन बटणं लागंनात! म्हंजे कापड मारलंच की त्यानं! पण ते ऱ्हाऊ द्या, फॅटचं सांगतो.

म्हटलं, आधी ह्या शब्दाचं मूळ काढायचं. आमची श्रुती कोल्हापुरात कॉलेजला जाती, तिला म्हटलं, पोरी, काढ डिक्शनरी, हे फॅट कुठल्या गावचं? तिनं ही एवढी जाड डिक्शनरी मांडीवर घिऊन वाचलं, "बाबा, लई जुना इंग्रजी शब्द हाय. आधी त्याचा अर्थ होता, खाऊ घालून घालून पोसलेलं जनावर. मग मागनं चरबी, स्निग्धांश वगैरे." मी म्हटलं, बास! सापडलं! जनावर पोसायचं आम्ही, पेंड चारायची आम्ही, आणि त्याला नाव इंग्रजाचं? त्यो गेला आणि जाताना आमच्या म्हशीच्या कासंत फॅट ठेवून गेला! श्रुती कपाळाला हात लावून आत गेली. जाऊं दे.

तशात माझी यल्लव्वा आत्ती आली, निपाणीच्या पल्याड कानडी मुलखात दिल्याली. चार दिवस ऱ्हायला आली आणि दारातच रडगाणं, "एम्मीदु फ्याट बर्लिल्ला!" म्हंजे, म्हशीची फॅट लागंना! आता बघा हं! ही आता कानडी झाल्याली, मी मराठी. पन्नास वर्षं आपली त्यांची सीमेवरनं भांडणं, एका पाटीवर एकमत न्हाय, आणि फॅटवर एकमत? ते बी फॅट, आपण बी फॅट? दोन्हीकडच्या डेअऱ्या आतनं मिळालेल्या असणार का न्हाय? मला सांगा, त्यांच्यात तरी फॅट कुणी बघितलीया?

म्हटलं, आता रंगेहाथ धरायचं. शेजारी हंबीरराव, डेअरीच्या निवडणुकीत जिकल्याल्या पॅनेलमधला माणूस, त्याला रोज सात फॅट लागती. कशी न्हाय लागणार? जोतीरामला डेअरीत नोकरीला चिकटवलाय कुणी, ह्यानंच की! मी हंबीररावाला गाठलं, म्हटलं हिंमत असंल तर उद्या माझं दूध तुझ्या किटलीतनं घाल आणि तुझं माझ्या. तो हसला, म्हणला, "घाल की आण्णा, होऊन जाऊं दे." सकाळी दोघं लायनीत. आज जोतीराम सापडतोय बघा!

माझं दूध, हंबीररावाची किटली, हंबीररावाचा नंबर. मशिन घुर्र... साडेपाच. हंबीररावाचं दूध, माझी किटली... सात! जोतीराम डोळे वासून म्हणतोय, "आण्णा, आज काढलेली साय परत घालून आणलंय काय?" आख्खी लाईन हसली. आता त्या मशिनला काय नाव वाचता येत न्हाय. म्हंजे मशिन खरं. जोतीराम खरा. मग...? मग चोर माझ्याच गोठ्यात!

घरला आलो तो तणतणतच. धार संपायच्या आत रेडकाला सोडतंय कोण? शेवटची धार जाती कुठं? आमची कारभारीण, बनाबाई, हीच रोज धार काढती. ती आत गेली आणि पेला आणून माझ्या फुड्यात धरला. "ही घ्या तुमची फॅट," म्हणली. "शेवटची धार लई दाट असती. तुमी टायफाईडनं उठलासा तवा नुसती काठी झाला हुता. तवापासनं रोज काढून ठेवतोय. सांगितलं असतं तर प्याला असता व्हय? डेअरीतच घातली असती की."

सहा महिनं मी सकाळी नेहमीचं दूध म्हणून डोळे मिटून तो पेला पीत हुतो आणि पेला ठेवून जोतीरामला शिव्या द्यायला जात हुतो! डोळ्यात टचकन पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू. तरी म्हटलं, "आगं, फळ्यावर नाव हाय माझं. उद्यापासनं सगळी धार डेअरीत घाल." तर म्हणती कशी, "म्हशीची फॅट कमी पडली तर दुसरी म्हस आणू. तुमी गेलासा तर दुसरं मी कुठनं आणू?" आणि पदर खोचून निघाली भाकरी टाकायला. विषय संपला.

मग मीच गेलो डेअरीत, भरल्या लायनीत जोतीरामला सगळं सांगितलं. म्हटलं, फळा पूस. त्यानं पुसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "बरोबर हाय आण्णा, फॅट कुठं जाती? इथं न्हाय लागली तर तिथं लागती!" आणि बघितलं त्यानं माझ्या पोटाकडं. दूध बंद झालं न्हाय, तेवढी सुटका. पण फॅट काय वाढली न्हाय, कारण पेला अजून चालूच हाय. 'न्हाय' म्हणायची टाप हाय काय माझी?

तवापासनं तुमाला सांगतो पावणं, कुणी इचारलं, फॅट कुणी बघितलीया, तर मी खाली बघतो आणि सदऱ्याची बटणं लावायला लागतो. शिंप्याची माफी मागायची ऱ्हायलीया.