गड्डम आधी बोलला

त्या गड्डमचा मला अजून हेवा वाटतो बघा. बाहत्तर-त्र्याहत्तर साल असेल. सोलापुरात एका मिलमध्ये आम्ही दोघं अकाउंटंट होतो. मॅनेजर म्हणाले, "गोदामातलं भिजलेलं कापड हिशेबात चांगलं दाखवा. बँकेला काय कळतंय?"

नोकरी गेली तरी नकार द्यायचा, असं मी ठरवलं. आरशासमोर वाक्यंसुद्धा घोकली. पण दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये मी घसा खाकरतोय तोवर गड्डम म्हणाला, "साहेब, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "आणि तुमचं?"

"माझंही तेच."

"त्याचं ऐकून धीर आला की तुम्हाला!"

साहेबांनी तो विषय सोडला, दोघांच्या नोकऱ्या टिकल्या. मिलभर कौतुक मात्र गड्डमचं. घरी बायकोला सगळं सांगितलं, तर म्हणाली, "गड्डमची बायको किती नशिबाची हो!"