नळाशी बोलायच्या गोष्टी

...आणि नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी नाही! म्हणजे बघा, एरवी वर्षभर तो नळ असा धो धो कोसळायचा, आणि ज्या रविवारी मामा जेवायला येणार, त्या रविवारी ठणठणीत कोरडा! नुसतं फुस्स! तुम्ही म्हणाल, मग बादली भरून ठेवायची... अहो, बादली घेऊन काय करू? पाणी प्यायला कोणाला हवं होतं? आम्हाला बोलायचं होतं!

हां, ते तुम्हाला कसं कळणार! सांगते. आमच्याकडे तेव्हा पक्षाचं राज्य. कारखाना पक्षाचा, शाळा पक्षाची, राहतं बिऱ्हाड पक्षाचं, आणि छतातल्या दिव्यात, असं सगळे म्हणायचे, पक्षाचंच एक यंत्र. घरातलं सगळं ऐकणारं. होतं की नव्हतं देव जाणे... देवावरही बंदीच होती म्हणा! म्हणून खरं बोलायचं झालं की आधी नळ सोडायचा. मोठ्ठा. मग नळाशी डोकी जुळवून काय ते बोलून घ्यायचं. आईबाबांचं भांडण? नळाशी! साखर कुठल्या दुकानात आलीय? नळाशी! आणि नळ बंद केला रे केला की बाबा मान वर करून दिव्याला सांगणार, ‘वा! काय कोबी आहे! असा कोबी आमच्या लहानपणी कुठे होता!’ आठवडाभर तोच कोबी खात होतो हो आम्ही!

तर मी पंधरा वर्षांची, गळ्यात पक्षाचा लाल रुमाल, आणि शनिवारी मला हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. आत हेडमास्तर नाहीतच, एक अनोळखी साहेब. म्हणजे म्हणायचं कॉम्रेड, पण मनात आपलं साहेबच. ‘बस बाळ. उद्या मामा येणार ना जेवायला? ते म्हणे सीमेपलीकडे जायच्या गोष्टी करतात. नीट ऐक, आणि सोमवारी मला सांग. तुला पुढे नर्सिंगला जायचंय ना?’ इतका गोड आवाज, की मी घाबरून नुसती मान डोलावली.

कारण मामा खरंच जाणार होता! आणि मामा कसला, तर बॉयलर दुरुस्त करणारा, त्या धडधडाटात एक कान पार गेलेला, दुसरा जेमतेम. ऐकू न येणारा माणूस बोलतो कसा? लाउडस्पीकरसारखा! नळ सोडलेला असला तरी आई त्याच्या तोंडापुढे फडकं धरायची. त्याने तोंड उघडायच्या आत त्याला सावध करायला हवं, मी धावत घरी येते, तर नळाला पाणी नाही, ते रविवारीही नाहीच!

लिहून का नाही दाखवलं म्हणता? बोललेलं हवेत जातं हो, लिहिलेलं फायलीत! बाहेर नेऊन सांगायचं? जिन्याखाली रखवालदारीण बसलेली, कोण कोणाबरोबर बाहेर पडलं ते बघायलाच तर तिला ठेवलेली! आणि पाणी आमचं एकट्याचंच गेलेलं नव्हतं. आख्खी इमारत चिडीचूप. सगळी बिऱ्हाडं नळाचीच ना! वरचे मास्तर खोकले तरी आम्हाला ऐकू येत होतं.

आला मामा. ‘काय गं ताई, गप्प का सगळे? कोणी मेलंबिलं की काय?’ आई डोळे वटारतेय, बाबा ओरडतायत, ‘कोबी! कोबी घ्या!’ मामाने घास गिळला, घसा खाकरला, ‘हां, तर मी काय म्हणत होतो, या गुरुवारी...’ आणि मला एकदम आठवलं, संडासाची टाकी! टाकीत एका खेपेचं पाणी असणार! मी म्हटलं, ‘मामा, संडासातली साखळी अडकलीय, बघ ना!’ दुरुस्ती म्हटल्यावर तो काय ताटावर बसतोय? उठलाच! आत गेलो, मी साखळी ओढली आणि त्या आवाजात त्याच्या बऱ्या कानाशी एका दमात, शाळेत माणूस आलाय त्याला सगळं कळलंय तू काय बोलतोस ते मी सोमवारी सांगायचंय म्हणून तू जेवताना एक अक्षर बोलू नकोस मामा तुझ्या पाया पडते...

पाणी संपलं. टाकी एकदा गुडगुडली आणि गप्प. आणि मामा, आपल्या नेहमीच्या आवाजात, ‘काय? मी गुरुवारी पळून जाणार, ते तू सोमवारी शाळेत सांगणार?’

कपाळ माझं! नळाचं गेलं ते गेलं, आमच्या तोंडचंही पाणी पळालं. बाबांना कोबी म्हणायचंही सुचेना. आणि तेवढ्यात... वर मास्तरांकडे पातेलं पडलं. धाडकन! मग परात. मग समोरच्यांनी रेडिओ लावला, कान फुटतील एवढा मोठा, पक्षाचंच गाणं! कोणी दारं आपटतंय, कोणी खिळे ठोकतंय... आणि खाली जिन्याचा कठडा लाटण्याने बडवत कोण होतं माहितेय? रखवालदारीण! त्या गदारोळात मामा जेवला, मनातलं सगळं बोलला, आई त्याच्या गळ्यात पडून मोकळेपणी रडली. नळाशिवाय! त्या लोकांवर मी तेव्हा जेवढी माया केली ना, तेवढी पुढे कोणावर केली नाही.

सोमवारी साहेब, ‘हं, काय बोलले मामा?’ म्हटलं, ‘ऐकू आलं नाही. शेजारी फार आवाज करत होते.’ ‘कोण शेजारी?’ ‘सगळेच!’ फाईल मिटली त्याने. मग म्हणाला, ‘जा.’ नर्सिंग गेलं. बटणांच्या कारखान्यात बटणांना भोकं पाडत बसले. पण मामा गुरुवारी गेला आणि सुखरूप पोचला! कोणी आलं नाही, कोणी विचारलं नाही. म्हणजे बघा, मामा एवढा बोंबलला, तरी यंत्राला ऐकू नाही गेलं? म्हणजे दिव्यात काही नव्हतंच! मग इतकी वर्षं आम्ही कोबीचं कौतुक ऐकवत होतो कोणाला?

आता ते राज्य गेलं. नळाला दिवसरात्र पाणी. पण मनातलं बोलायचं म्हटलं की हात आपला नळाकडेच जातो. परवा लेकीला म्हटलं, ये, तुला मामाआजोबांची गोष्ट सांगते. सोडला नळ आणि केली सुरुवात. तर ती आतून ओरडते, ‘आई, आधी तो नळ बंद कर! एक अक्षर ऐकू येत नाहीये!’

केला बंद. काय करणार? दिव्याकडे बघितलं, आणि म्हटलं, ‘काही नाही गं... कोबी छान झालाय!’