सूनबाईंचा हुतूतू

सन्माननीय अध्यक्षा सुनेत्राताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे डॉक्टर चंद्रशेखर, मंडळाचे पदाधिकारी आणि एवढ्या थंडीत कुणी पिनरहून, कुणी ब्रॅकनेलहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मागे ऐकू येतंय ना? बरं.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. आमच्या सूनबाई सोलेन फ्रेंच कादंबरीकार. त्यांच्या कादंबऱ्या आमच्या घरात मांडून ठेवल्यात आणि त्यांतली एक ओळ मला वाचता येत नाही. अशा माणसानं त्यांच्या निरोपाचं काय बोलावं, तुम्हीच सांगा? सभेत अहोजाहो करायला हवं, तेही मला फार वेळ जमायचं नाही.

सोलेन आधी फ्रान्समध्ये धावपटू होती. धावणं हीच तिची नोकरी. एका शर्यतीत गुडघा गेला आणि नोकरीही गेली. आमचा यतीन तिला लग्न करून इथे इंग्लंडात, लेस्टरला घेऊन आला, तेव्हा ती दिवसभर खिडकीशी बसून लिहायची आणि फाडायची. मला मेली काळजी. जेवली का? जिन्यात पडेल का? विचारलं तर म्हणायची, "बाबा, गुडघा मेली. आता वाक्य पण लंगडी."

हसू नका, तिला मराठी मीच शिकवलंय.

एकदा तिला हसवावं म्हणून मी कार्पेटची कड रेषा मानली आणि हुतूतू घालत निघालो. एका दमात पलीकडे जायचं, गडी मारायचा आणि दम तुटायच्या आत रेषेला परत शिवायचं. यतीन ओरडला, "बाबा, अहो ती प्रोफेशनल होती! तिला काय हुतूतू शिकवताय? आणि तुमचा दमा?" मी खुर्चीला शिवलो आणि तिथेच खोकत बसलो. सोलेन टाळी वाजवून म्हणाली, "बाबा बाद!" लेस्टरला आल्यापासून ती तेव्हा पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती लिहिलेलं प्रत्येक वाक्य खोलीत फेऱ्या घालत एका दमात म्हणू लागली. दम तुटला की वाक्य बाद. मी शेजारी चहा पीत बसायचो. अर्थ कळत नव्हता, पण सोबत होती. अशी पहिली कादंबरी झाली, मग पुढच्या. गेल्या वर्षी, दोन हजार सातमध्ये, तिकडे बक्षीसही मिळालं.

आता दोघं फ्रान्सला, लियोंला निघालेत. मलाही चला म्हणाले. मी नाही म्हटलं. तिथे मला पाव मागता येणार नाही. रात्री छाती भरली तर डॉक्टरला कुठल्या भाषेत सांगू? यतीन चिडला. सोलेन चिडली नाही. काल माझे स्वेटर घडी करताना तिनं एवढंच विचारलं, "बाबा, तुमचा रेषा कुठे?"

त्याचं उत्तर मला इथे उभं राहिल्यावर सापडलं. आत्ता बघतोय, पहिल्या रांगेत ती माझ्यासाठी दम धरून बसली आहे. ती असेल तिथेच माझी रेषा.

यतीन, अरे, माझंही तिकीट काढ.

तेव्हा मंडळी, हा निरोप माझाही समजा. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आभारी आहे. बोलताना जिथे जिथे दम तुटला असेल, तिथे मोठ्या मनानं मला बाद धरू नका.