कोंबड्यांचा रहाट

नाही, यादवराव, यंदा नाही म्हटलं म्हणजे नाही. आधी पाणी प्या. एवढ्या उन्हात त्र्यंबकच्या रस्त्यानं चालत आलात, आणि कशासाठी, तर उरुसाला या इनायतनं रहाट घेऊन यावं म्हणून? अहो, पत्रा ठोकून ठोकून माझी कंबर गेली. रॉकेलच्या डब्याची एक चाळण करायची तर दोनदा उठून उभं राहावं लागतं – आणि तुम्ही म्हणता गावच्या शंभर घरच्या कोंबड्या भाजून द्या. नाशकात दुसरा कोणी मिळत नाही का? त्या निसारला सांगा. तरणा आहे, हातात गोडी आहे, बोलतोही गोड. मी आता दुकानाची पायरी उतरताना सुद्धा भिंत धरतो. मागच्या साली नाही आलो तर काय उरूस अडला? अडला नाही ना? घरोघरी तीन दगडांची चूल मांडली असेल, जमेल तसं भाजलं असेल. मग झालं तर.

बरं, लेक झाली म्हणे तुम्हाला. ऐकलं मी, पुंजा लोहार सांगत होता. सहा महिन्यांची? बरं झालं. फार बरं झालं. तिचं उष्टावण पिराच्या दारात करायचं, नवसाच्या कोंबड्याचा रस तिच्या जिभेला लावायचा – करा की, जरूर करा. पण माझ्या हातचा कशाला? नवसाला काय, कोणीही भाजलेलं चालतं. नाही, तसं नाही, तुमच्या मंडळींनी मुद्दाम सांगितलंय, हे तुम्ही दोनदा बोललात, मी बहिरा नाही. कंबर गेली असं म्हटलं, कान गेले असं नाही म्हटलं.

रहाट? तो काय, तुमच्या पाठीमागंच आहे, गोणपाटाखाली. उघडू नका, गंज चढलाय. उघडलंतच. बघा मग. या दोन धावा, म्हणजे मोडक्या बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, तुमच्याच गावातून उचललेल्या. धावांना भोकं पुंजानं पाडून दिली, चोवीस इकडं, चोवीस तिकडं. मधल्या या शिगा म्हणजे देवळालीच्या छावणीतल्या लिलावातले पलंगाचे गज. ज्यांवर गोरे सोजीर घोरत पडायचे त्यांवर तुमच्या कोंबड्या निजवल्या मी. हसा, हसा, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. मी उरुसात डबे-कंदील विकायला यायचो हो, भाजायला नव्हे. बघायचो तर शंभर चुली, धुरानं डोळे उघडेनात, कोंबडी वरून कोळसा न् आतून कच्ची, आणि दिवेलागणीपर्यंत अर्धी माणसं उपाशी न् अर्धी भांडणात. मनात आलं, विहिरीवरचा रहाट फिरतो, त्याच्या लोट्यांच्या जागी कोंबड्या लावल्या तर? खाली चरात निखारे, वर हा फिरवत राहायचा – जोरात नाही, दळण दळतात तसा. वरच्या कोंबडीची चरबी गळते ती खालचीवर, तिची तिच्या खालचीवर, तुपाचा थेंब सोडायला नको. आमच्या मासूमानं लसूण-मिरचीचं वाटण दिलं की बास. एका दमात चोवीस घरं जेवायला बसायची. चार वर्षं फिरवला मी तो, माझ्याशिवाय कोणाला हात लावू दिला नाही. घमेंड होती थोडी. थोडी कसली, बरीच होती.

पण खरी अडचण भाजायची नव्हतीच, कोणाचं कोणतं ही होती. तुम्हाला काय सांगायचं – नवसाचं कोंबडं ज्याच्या घरचं त्याच्याच घरात खाल्लं गेलं पाहिजे, आणि ज्याच्यासाठी नवस बोललेला, पहिला घास त्याचा. दुसऱ्याच्या तोंडी गेलं तर नवस फिटत नाही. सोलून, वाटण लावून शिगेवर चढवलं की सगळी कोंबडी सारखी, आई ओळखणार नाही. पहिल्या वर्षी तंगडीला लाल दोरा बांधला. पहिल्याच फेऱ्यात दोरे जळाले, आणि कुसाबाई न् तिची जाऊ एकच कोंबडं दोन बाजूंनी धरून ओढत होत्या, आठवतं? मग या टिकल्या निघाल्या. पत्र्याची एक टिकली शिगेच्या टोकाला, तिची जोडीदारीण घरवाल्याच्या हातात. एका घराला एक टोचा, पत्र्यात ठोकून उठवलेला ठिपका, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. लिहिता-वाचता यायला नको, बोटानं चाचपलं की झालं. दोन्ही जुळल्या की शीग उतरवायची.

ते डबडं खाली ठेवा. काही नाही त्यात. टिकल्याच आहेत. हां, नव्या आहेत. हात रिकामा राहत नाही म्हणून ठोकत बसतो संध्याकाळचा. नाही, उरुसाला यायची तयारी नव्हे, मी म्हणालो ना येणार नाही. मासूमाही हेच विचारते, जायचं नाही तर ठोकता कशाला. काय सांगू तिला? चाळीस वर्षं संसार केलेली बायको, तिलाही नाही सांगितलं. मांडताय कशाला ओळीनं? एक, दोन, तीन, चार, सहा. बरोबर आहे. चुकून नाही राहिली. पाच करत नाही मी. होत नाही माझ्यानं. चार टोचे पडतात आणि हात थांबतो.

पाच तुमच्या घरची होती, यादवराव.

बसा. उठू नका, बसा. आता निघालंच आहे तोंडातून, तर सगळं ऐकून जा, मग मला जोडा मारा हवा तर. त्या साली मला अक्कल सुचली. म्हटलं, टोचे काय मारायचे, गावंढळ दिसतं – आपण पत्रेवाले, कथलाचे थेंब देऊ. चांदीसारखे दिसतात, बोटालाही लागतात. दिले. आणि ज्याचा सगळा जन्म कथील वितळवण्यात गेला, त्याच्या डोक्यात आलं नाही की आगीपुढं कथील वितळतं. कोणाला सांगितलं तर खरं वाटेल? टिकल्या चाकाच्या बाहेर होत्या, धग लागत नव्हती, तोवर ठीक चाललं. मग वारा फिरला, चरबीनं पेट घेतला, एका बाजूला जाळ उठला. बावीस शिगा उतरल्या, दोन राहिल्या. दोन्ही टिकल्या कोऱ्या. समोर तुमची मंडळी, चंद्रभागाबाई, पाच थेंबांची टिकली पुढं करून उभ्या, काखेत पोरगा, तापातून नुकता उठलेला. शेजारी धोंडाबाई, सुनेच्या नवसाची टिकली घेऊन. मी म्हणायला हवं होतं, बायांनो, माझं चुकलं, तुम्हीच ओळखा. पण सगळं गाव बघत होतं, पंच वाहवा करत होते. मी कोरी टिकली मुठीत लपवली आणि हाताला आली ती शीग दिली. इतक्या रुबाबात दिली की कोणाला शंका यायला नको. आपलं नशीब, बरोबरचीच गेली असेल, असं म्हणून मी घरी आलो आणि झोपलोसुद्धा. आषाढात पुंजानं सांगितलं, यादवचा पोरगा गोवरानं गेला. आणि त्याच साली धोंडाबाईच्या सुनेला मुलगा झाला, बारा वर्षांनी. आमच्यात म्हणतात मौत लिहिलेली असते, कोंबडीनं पुढंमागं होत नाही. शंभर वेळा म्हटलं मी स्वतःला. दिवसा पटतं.

तर आता कळलं ना, मी का येत नाही ते. माझ्या हातचा रस त्या लेकराच्या जिभेला लावू नका. शिव्या द्या.

काय म्हणालात? माहीत होतं? कोणाला, चंद्रभागाबाईंना? कसं माहीत असेल, सगळी सारखीच तर – कोंबड्याची तंगडी मोडली होती? पिल्लू असताना? त्यांनी स्वतः काडी लावून बांधली, आणि हाडाला गाठ राहिली. आणि पोराला भरवलं त्या हाडाला गाठ नव्हती. म्हणजे पहिल्या घासालाच कळलं त्यांना. तिथल्या तिथं कळलं. मग बोलल्या का नाहीत? चार पावलांवर तर होतो मी. पिराच्या दारात हातात पडलेलं परत करत नाहीत – ते ठीक, पण नंतर? दोन वर्षं? तुम्हाला कधी सांगितलं? काल? बोलावणं धाडताना? आणि तरी म्हणाल्या, इनायतभाईलाच आणा. का म्हणून? काय म्हणाल्या अगदी, जसं म्हणाल्या तसं सांगा, तुमचं घालू नका त्यात.

"त्यानं मूठ झाकली तेव्हा त्याचा हात कापत व्हता. दुसरा कोणी चुकंल तर त्याचा हात कापायचा बी नाय. यंदा मी चुलीपाशी बसते, माझी शीग मी बघते, त्याला म्हणावं तू नुस्ता फिरव."

असं म्हणाल्या.

आणि हे काय काढताय बंडीच्या खिशातून? ही टिकली तुमच्याकडंच राहिली होती की. घ्यायची होती मी त्या दिवशी, पण त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही. पाच थेंब, जसेच्या तसे. छान बसलेत. ही नको, ही कामाची नाही, हे कथील आहे. ठेवा ती तिथंच, हातोडीपाशी. टोचे मारायचा खिळा कुठं गेला माझा. चरासाठी कोळसा बाभळीचा पाहा, आंब्याचा धूर करतो. आणि लेकीला घेऊन वाऱ्याच्या बाजूला बसू नका म्हणावं, ठिणगी उडते. बस, एवढंच. निघा आता, यादवराव, उन्हं कलली. मला पाच टोचे मारायचेत, आणि कोणी बघत असलं की माझा हात हलतो.