वेल्डिंगच्या फ्यूजबाबत धाकट्या बहिणीचा जबाब

मोजणी इंजिनिअर, वय ३४, राहणार तेलविहिरीच्या छावणीत, शेवटची खोली.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, तक्रारदार वेल्डर हा माझा सख्खा मोठा भाऊ आहे. आम्ही एकाच विहिरीवर कामाला आहोत. विहिरीत तारेने यंत्र सोडून खालच्या थरांत वीज किती अडते ते मी मोजते. खारे पाणी वीज जाऊ देते, तेल आणि वायू अडवतात. त्यावरून कुठल्या थरात किती तेल असेल याचा अंदाज बांधतात.

आज सकाळी सर्वांत खालच्या थरापाशी मोजणीची कागदावर उमटणारी रेघ वेड्यासारखी नाचू लागली. विहिरीवरचे साहेब म्हणाले, "यात काही राम नाही. दुपारी सिमेंट ओतून विहीर बंद करा." विहीर बंद म्हणजे छावणी उठणार आणि आम्हा सगळ्यांचे काम जाणार, भावाचेही.

आमच्या मोजणीची एक तार बाहेर ओल्या मातीत पुरलेली असते. भाऊ तिच्याजवळच लोखंडी शिडीला वेल्डिंग करत होता. त्याची वीज मातीतून आमच्या तारेत शिरत असणार, हे माझ्या ध्यानात आले. मी म्हटले, "दादा, जरा हात थांबव." तो म्हणाला, "तुझी रेघ गेली खड्ड्यात! शिडी आज झाली नाही तर बोलणी मी खायची." मी म्हटले, "खड्ड्यातच गेलीये, तिथूनच वर काढतेय." तो हसला नाही. मशीन चालूच ठेवले. तेव्हा मी मशीनचा फ्यूज काढून खिशात घातला. धक्काबुक्की झाली नाही. लहानपणी व्हायची.

तो तणतणत इकडे तक्रार द्यायला आला. मी पुन्हा मोजले. रेघ शांत झाली आणि त्या थरापाशी वीज चांगलीच अडत असल्याचे दिसले. थराच्या खडकातल्या बारीक पोकळ्यांत निम्म्याहून जास्त तेल असावे, असा हिशेब निघतो. गोडे पाणीही वीज अडवते, म्हणून खात्री त्या थरातला नमुना वर आल्यावरच. साहेबांनी सिमेंट थांबवून नमुना काढायला सांगितले आहे. मला फार आनंद झाला, हेही लिहून घ्यावे असे मी म्हटल्यावरून लिहिले आहे.

फ्यूज ठाण्यात जमा केला आहे. तो भावाला आत्ताच परत द्यावा. नमुना काढणाऱ्यांना विहिरीवरच्या मनोऱ्यावर चढायला तीच शिडी लागणार आहे.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. दाराबाहेर बसलेल्या भावानेही "बरोबर आहे, आता सही कर आणि चल लवकर," असे आत ओरडून सांगितले.