सदाभाऊंचे शून्य उपग्रह

अध्यक्षमहोदय, सुमनवहिनी, वाचनालयाचे सभासद आणि जेटीला बोटी लावून थेट इथे आलेली तांडेल मंडळी,

आज बोलायला उभं राहणं जड जातंय. पण त्याआधी एक तक्रार नोंदवतो.

सभेची वेळ पाचची होती. सभा सुरू झाली पाच वाजून अकरा मिनिटांनी. कार्यवाह म्हणतात, सतरंज्या घालायला वेळ लागला. कार्यवाह, सतरंज्या दोन आहेत. म्हणजे दर सतरंजीला साडेपाच मिनिटं. आणि हे कुणाच्या सभेला? ज्यांनी ह्याच भिंतीवर सेकंदाचीही चूक न करणारं घड्याळ लावून दिलं, त्यांच्या. दिवंगतांच्या वतीनं मी ह्या अकरा मिनिटांचा निषेध करतो. सदाभाऊ असते तर पाच वाजून एक मिनिटानं उठून घरी गेले असते. स्वतःची शोकसभा असली तरी.

हसा. वहिनींनी परवानगी दिलेली आहे. मी येतानाच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही रडकं बोललात तर ह्यांना ओळखूच यायचं नाही कोण बोलतंय ते."

पण वहिनींनी मला आणखीही एक विचारलंय. गेल्या सोमवारी मी भेटायला गेलो होतो. चहा देता देता त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही रोज ह्यांच्याबरोबर असायचात. ह्यांना काही होत होतं काय? मला तर हे खुर्चीत बसलेलेच दिसायचे. तुम्हाला काही दिसलं काय?"

मी म्हटलं, "सभेत बोलेन, वहिनी."

एका बाईंनी एका वाक्यात विचारलेल्या प्रश्नाला मी आठ दिवसांची मुदत आणि भरलेला हॉल मागून घेतला. असा मी धीट. तर ते उत्तर द्यायचं आहे. आत्ता घड्याळात पाच एकतीस झालेत. देतो. पण जरा मागून यावं लागेल. संस्कृत शिकवणाऱ्याला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, त्याला आधी प्रस्तावना लागते.

नव्या सभासदांसाठी सांगतो. सदाभाऊ म्हणजे सदानंद मयेकर, मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. पुढे जहाजांवरून ती जागाच गेली, तेव्हा घरी आले आणि जेटीजवळ दुकान टाकलं. बोटीवरचं काहीही मुकं झालं की ते सदाभाऊंकडे यायचं. मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. शाळा सुटली की पाच ते सात त्यांच्या पडवीत. त्यांच्या हातात डाग द्यायची सोल्डरिंग गन, माझ्या हातात बॅटरी. ते मला शास्त्रीबुवा म्हणायचे. मी शास्त्री नाही आणि बुवाही नाही, पण ते म्हणायचे, "मग काय बॅटरीवाले म्हणू?"

गेल्या वर्षी ह्या वाचनालयाचं जुनं घड्याळ बंद पडलं. नवं आणायचा ठराव आला. सदाभाऊ उठले. "आणायचं कशाला? मी करतो. उपग्रहाकडून वेळ घेतो." समितीला उपग्रहाबद्दल काहीच माहिती नव्हती, त्यामुळे एकमत लगेच झालं.

घरी जाताना मी विचारलं, "उपग्रहाकडून वेळ म्हणजे?"

ते म्हणाले, "वर फिरणाऱ्या प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. तो सारखी वेळ सांगत असतो. आपण ऐकायची."

"म्हणजे आकाशवाणीच झाली."

"तुमच्या पुराणातली आकाशवाणी एकदाच व्हायची नि कुणाचं तरी वाटोळं करायची, शास्त्रीबुवा. ही सेकंदाला एकदा होते नि कोणाचं काही बिघडवत नाही."

सर्किट बोर्ड त्यांनी घरीच केला. तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली पाटी घ्यायची, छापलेली नक्षी तिच्यावर इस्त्रीनं उमटवायची, आणि मग नको असलेलं तांबं रसायनात विरघळवायचं. इस्त्री वहिनींची. टब वहिनींचा. डाग पडले ती मोरी वहिनींची. ह्या कार्यात सदाभाऊंचं स्वतःचं असं फक्त बनियन होतं, ते त्या दिवसापासून गंजाच्या रंगाचं झालं.

पहिला बोर्ड उलटा उमटला. आरशात दिसतो तसा. डावीकडचं सगळं उजवीकडे. सदाभाऊ तो उलटसुलट करून बघत म्हणाले, "बोर्ड बरोबर आहे. सूर्य पश्चिमेला उगवला की चालेल."

दुसरा केला. तो सुलटा आला. अँटेना तेवढी विकत आणलेली होती, छोट्या पालथ्या वाटीएवढी, काळी. सदाभाऊ म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही गच्चीच्या कठड्यावर ठेवून या. उघड्यावर ठेवा." मी ठेवून आलो. वायर खाली आली, जोडली, आणि लाल दिवा लागला.

लाल दिवा म्हणजे शोध चालू. उपग्रह सापडले, की हिरवा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकणार. पडद्यावर सापडलेल्या उपग्रहांचा आकडा येणार. तो वाचायचं काम माझं.

"किती?"

"शून्य."

"आता?"

"शून्य."

मंडळी, हे सतरा दिवस चाललं. संस्कृतची पदवी घेतलेला माणूस रोज पाच ते सात शून्य म्हणत होता. तिसऱ्या दिवशी मी त्यात थोडे आरोह-अवरोह आणायला लागलो. सदाभाऊ म्हणाले, "स्तोत्र नको. आकडा सांगा."

मग दोषाचा शोध सुरू झाला. आमच्या न्यायशास्त्रात ह्याची एक रीत आहे. एक गोष्ट काढून बघायची, परत ठेवून बघायची, आणि कार्य कशामुळे होतं ते ठरवायचं. मी ही रीत सदाभाऊंना समजावून सांगितली. ते म्हणाले, "मी गेली चाळीस वर्षं हेच करतोय. ह्याला शास्त्र म्हणतात हे माहीत असतं तर भाव वाढवला असता."

बोर्डाला वीज मिळते का? मिळते. शून्य. पाचव्या दिवशी भिंगातून एक सांधा कोरडा दिसला, म्हणजे डाग बसल्यासारखा दिसत होता पण धरलेला नव्हता. तो पुन्हा दिला. शून्य. मग तांब्याची एक रेघ फार बारीक आहे असं वाटलं. ती जाड केली. शून्य. नवव्या दिवशी सगळा बोर्ड टूथब्रशनं घासून धुतला. तो टूथब्रश कोणाचा होता हे मी इथे सांगणार नाही. वहिनी, तुमचा नव्हता. बहुधा.

मी एकदा म्हटलं, "अँटेना तर बिघडली नसेल?"

"ती विकत आणलीय. तिला वीज जाते, ती वीज खाते, मीटरवर दिसतंय. विकतच्या वस्तूवर मागाहून संशय घ्यायचा. आधी आपल्या हातच्या कामावर."

"मग एकदा स्वतः वर जाऊन डोळ्यांनी बघून या. एकोणीस तर पायऱ्या आहेत."

"उद्या जाऊ."

हे "उद्या जाऊ" मी बरेचदा ऐकलं. मला चेष्टा करायला आयताच विषय मिळाला. मी म्हणायचो, "भर समुद्रात डोलकाठीवर चढून तारा बांधणारा माणूस, आता घरची गच्ची जड झाली काय?"

ते माझ्याकडे बोट दाखवायचे. "आता खलाशी ठेवलाय."

दहाव्या दिवशी त्यांनी खलाशाला वर पाठवलं. म्हणाले, "अँटेना जागेवर आहे ना, तेवढं बघून या." मी गेलो. बघितलं. खाली आलो आणि सांगितलं, "जागेवर आहे."

"ठेवलीत तशीच?"

"अगदी तशीच. हललेलीसुद्धा नाही."

हे मी पूर्ण सत्य सांगत होतो.

सतराव्या दिवशी शिवा तांडेल आले. ते बघा, दाराशी उभे आहेत. बोटीवरचं यंत्र दाखवायला आले होते. रस्त्यावरूनच ओरडले, "ओ काका! गच्चीवर टोप कशाला पालथा घातलाव? वर चिरा पन ठेवलाव!"

सदाभाऊंनी गन खाली ठेवली. हळूच माझ्याकडे वळले.

"शास्त्रीबुवा, टोप कसला?"

"अॅल्युमिनियमचा."

"कशावर घातलाय?"

"अँटेनेवर."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मंडळी, तुम्हीच न्याय करा. आपण कोकणातली माणसं. चांगली वस्तू उघड्यावर दिसली, तर आपण काय करतो? तिच्यावर काहीतरी पालथं घालतो आणि वर जांभ्याचा चिरा ठेवतो. खारा वारा आहे, कावळे आहेत. नवी कोरी अँटेना तशीच ठेवून यायला माझा हात धजेना. आंबोशीचा जुना टोप तिथेच पडलेला होता. वायर चेपू नये म्हणून मी कडेला खडा लावून फटसुद्धा ठेवली होती. इतकी काळजी मी स्वतःच्या छत्रीचीही घेत नाही.

तांडेल म्हणाले, "मास्तर, आमच्या बोटीत त्या डबीवर कोनी टोपीसुद्धा ठेवत नाय." उपग्रहाचा आवाज इतका क्षीण असतो, की एक पत्रा आड आला तरी संपलं. हे सतरा दिवसांत मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कोणाला टोपाबद्दल सांगितलं नव्हतं. वहिनींच्या गुडघ्यांमुळे त्यांच्याकडे कपडे अंगणात वाळतात, गच्चीवर कोणी फिरकत नाही. त्यामुळे टोप सुखात होता.

मी धावत वर गेलो. चिरा काढला, टोप काढला, ओरडलो, "काढला!" आता आकडे वाचायची पाळी सदाभाऊंची. खालून आवाज आला, "तीन!" मग जरा वेळानं, "पाच!" मग बराच वेळ काहीच नाही. मी वरून विचारतोय, "किती? अहो, किती?" आणि मग, अगदी हळू, जिन्यातून, "नऊ, शास्त्रीबुवा. नऊ."

मी खाली येतो तर सदाभाऊ जिन्यात बसलेले. खालून तिसऱ्या पायरीवर. हसत होते. एक हात छातीवर, कपाळाला घाम. मी म्हटलं, "काय हो, वर यायला निघाला होतात काय?"

"निघालो होतो," ते म्हणाले. "तिसरीपर्यंत आलो."

मीही हसलो. मला वाटलं, टोपाला हसून हसून घाम आलाय.

असं हे घड्याळ. चार महिने झाले त्याला ह्या भिंतीवर. आकड्यांच्या खाली लाल रंगानं बारीक अक्षरात लिहिलंय बघा, "१५ ते १८" आणि "४५ ते ४८". त्याचा अर्थ मला अनेकांनी विचारला. कार्यवाहांना वाटलं, वीज जायच्या वेळा आहेत. मी सदाभाऊंना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं ते सांगतो.

त्यांच्या काळी जहाजाच्या वायरलेस खोलीतल्या घड्याळावर ही मिनिटं लाल रंगवलेली असत. तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, समुद्रावरच्या सगळ्या वायरलेसवाल्यांनी हात उचलून घ्यायचे. कोणी काही पाठवायचं नाही. नुसतं ऐकायचं. कारण जो बुडत असतो त्याचा आवाज बारीक असतो, आणि बाकीचे बोलत असले तर तो ऐकू येत नाही. घड्याळ बरोबर लागायचं ते ह्यासाठी. सगळ्यांनी एकाच वेळी गप्प बसायचं असतं.

"आणि वाचनालयात ते कशाला लिहिलंत?" मी विचारलं.

"तुम्ही तिथे रोज बोलता ना," ते म्हणाले, "म्हणून."

आता पाच त्रेचाळीस झालेत. आपल्याकडे शोकसभेत उभं राहून एक मिनिट शांत राहायचा रिवाज आहे. आज आपण तीन मिनिटं राहू या. पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस, सदाभाऊंच्या घड्याळानं. मी खूण करणार नाही, खूण तेच करील. मंडळी, सावकाश उभे राहा. फोन बंद करा.

तेवढ्यात उत्तर देतो. वहिनी, तुम्ही बसूनच ऐका.

ह्यांना काही होत होतं काय? होत होतं. मला दिसलं काय? दिसलं. जो माणूस स्वतःच्या बोर्डाचा एकेक सांधा भिंगातून तपासत होता, तो सतरा दिवसांत एकोणीस पायऱ्या चढून वर गेला नाही. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी त्यावर रोज नवा विनोद केला. ते सांगत होते, वहिनी. "उद्या जाऊ" म्हणाले, "खलाशी ठेवलाय" म्हणाले, "तिसरीपर्यंत आलो" म्हणाले. याहून मोठ्यानं सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी डॉक्टरांकडे चला म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. टोपाची गोष्ट मी गावभर सांगत फिरलो, आणि ती रंगवण्यात मला एवढा आनंद होता, की त्या गोष्टीत एक माणूस जिन्यात बसलाय हे माझ्या लक्षात आलं नाही. ते लक्षात आलं गेल्या सोमवारी, तुमच्या हातचा चहा घेताना. म्हणून मला सभा लागली.

तुम्ही रागावलात तर ते बरोबरच आहे. पण मला काळजी वेगळीच आहे. परवा तुमची मुलगी पुण्याला परत जाईल. तुम्ही त्या घरात एकट्या असाल. समोरच्या घरात मी असेन. रोज पाच वाजता येईन, चहा घेईन, बोलेन. आणि तुम्हाला कधी काही झालं, तर तुम्हीही ते असंच हळू आवाजात सांगाल, आणि तेव्हाही मी बोलतच असेन, ह्याची मला भीती वाटते.

पाच पंचेचाळीस.