कुलपातले एक्केचाळीस टक्के

"हॅलो? …न्हाई, आई न्हाई. मी हाय, कावेरी. …हां, फोन तुमच्या आईचाच हाय. सकाळधरनं माझ्या फोनवरून अकरा बार लावला, एकदा तरी उचलला का? आन् आईचं नाव दिसलं की दुसऱ्या घंटीला 'बोल आई'! …बरं बरं, कामात होतात. ऐका आता. घर बंद पडलंय. …घर म्हणजे बॅटरी वो! पंखे, दिवे, समदं बंद. फ्रीजरबी."

नांदूरघाटच्या बाजारगल्लीत पुढं किराणा दुकान आणि मागं घर, अशी त्यांची जागा. मागच्या खोलीत भिंतीला लागून बॅटरीची पेटी होती आणि तिच्यासमोर कावेरी उकिडवी बसली होती. सासूबाईंचा बटणांचा फोन तिनं कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला होता आणि हातात तिचा स्वतःचा मोठा फोन होता. पलीकडं बोलत होता तिचा नवरा, महांतेश. शेजारच्या फ्रीजरवर सासूबाईंनी, शिवम्मांनी, दोन गोधड्या टाकल्या होत्या, तापानं फणफणलेल्या माणसावर टाकाव्यात तशा. त्यानं आतली थंडी बाहेर जात नाही म्हणे.

"…साडेसहाला. …आता अकरा वाजायलेत. …ढग? कुठले ढग? ऊन असं पडलंय की पापड करपतील. …पुसलीत की, मीच वर गेलते पॅनेल पुसायला. …तुमच्या आईचा टीव्ही? अवो, सकाळी साडेसहाला टीव्ही कावून लावतील त्या? …मिक्सरबी न्हाई. …हो, फ्रीजर चालू होता. तो चालू राहावा म्हणूनच बॅटरी आणली ना आपुन? का दुकानात शोभंला आणली?"

फ्रीजरमध्ये नव्वद किलो सीताफळाचा गर होता. डोंगराकडच्या वाड्यांमधल्या, बचत गटाच्या अकरा बायकांनी पाट्या डोक्यावर आणल्या, आठ दिवस बसून एकेक बी सुटी केली आणि पिशव्या भरून कावेरीच्या हवाली केल्या. गावची डीपी जळून आठवडा झाला होता. तारेतून वीज यायची आशाच नव्हती. पण कावेरीकडं सोलर आहे, तिथं काय काळजी, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. आज चार वाजता संभाजीनगरच्या आइस्क्रीमवाल्याची गाडी येणार होती. तो माणूस आधी थर्मामीटर काढायचा, मग तोंड उघडायचा. उणे बाराच्या वर आकडा दिसला की गाडी रिकामी परत. आणि एकदा वितळून काळा पडलेला गर जनावरंसुद्धा हुंगून सोडतात.

"…फ्रीजर काढू? काढून कुठं ठिवू, तुमच्या डोक्यावर? …न्हाई, चिडले न्हाई मी. …मागं कुणाचा आवाज येतोय? …गहिनीनाथ नाना? म्हणजे तेलगावला हाव तुमी! …स्पीकरवर हाय का फोन? …कावून? …लोकास्नी शिकायला मिळंल? बरं. नमस्कार, नाना. …हां, हां, घरी समदे मजेत. अंधारात हाव, पण मजेत."

महांतेशला सोलरचं वेड लागून दीड वर्ष झालं होतं. आधी त्यानं व्हिडिओ पाहिले, मग घरी बॅटरी बसवली आणि नंतर साखर मोजता मोजता गिऱ्हाइकांना व्होल्टेज समजावून सांगू लागला. बघता बघता आसपासच्या गावांत नाव झालं. कुणाकडं बॅटरी बसली की सेटिंगला महांतेशअप्पांना बोलावणं. अप्पा जायचे, ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि फोनवर बोट फिरवून आकडे भरायचे. तेलगावचे गहिनीनाथ नाना माजी सरपंच. त्यांची बॅटरी गेल्याच आठवड्यात अप्पांनी चालू करून दिली होती.

"…हो, ॲप उघडलंय. तुमीच टाकून दिलं होतं की माझ्या फोनात, टक्के बघायला. …थांबा, वाचते. सोळा सेल दिसायलेत. पहिला तीन पॉइंट सत्तावीस. दुसरा तीन पॉइंट सत्तावीस. तिसरा… समदे तितकेच वो, एकबी आजारी न्हाई. …वर? वर एक्केचाळीस टक्के. …एक्केचाळीस! चारावर एक! …तेच तर मी विचारायले. पोटात एक्केचाळीस टक्के हाय, मग उपाशी असल्यासारखी आडवी कावून पडली? …खाली लाल अक्षरात लिवलंय, 'डिस्चार्ज बंद'. …हां. म्हणजे बाहेर वीज सोडायचं बीएमएसनं बंद केलं."

बीएमएस म्हणजे बॅटरीच्या पेटीतला राखणदार. कुठल्या सेलमध्ये किती जीव उरलाय ते तो बघत बसतो, आणि जीव ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की दार लावून घेतो, बॅटरी मरू नये म्हणून. तो आकडा मात्र त्याला माणसानं सांगावा लागतो.

"…काय करू? लाल तार काढू? न्हाई! मी त्या तारेला हात लावणार न्हाई. …तुमीच म्हणलात ना, मेलीस तरी लाल तारेला शिवू नको? …मग आज कावून शिवू? …राहू द्या ते. ह्या सेटिंगमधी काय हाय? …बघू तर द्या. …पासवर्ड मागतंय. …सांगा की. …अवो, सांगा! नानांच्या लोकांनी ऐकला तर ऐकला, ते काय आपली बॅटरी उचलून नेणार हायत? …थांबा, मीच घालून बघते. आपल्या लग्नाची तारीख… न्हाई. राजनंदिनीचा वाढदिवस… तोबी न्हाई. …मग कुठली? …एक सहा, शून्य आठ, दोन चार. सोळा ऑगस्ट? सोळा ऑगस्टला काय झालं होतं आपल्याकडं? …बॅटरी आली."

कावेरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पोरीचा वाढदिवस दर वर्षी तीच ध्यानात आणून द्यायची, लग्नाचा तर विषयच सोडा. आणि ह्या पेटीची जन्मतारीख गड्याला तोंडपाठ! पलीकडं ओसरीवर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"…न्हाई, काही न्हाई. ऐकायले मी. …उघडलं. लई आकडे हायत. …हे बघा, 'कमी व्होल्टेजला बंद', तीन पॉइंट वीस. त्याच्या खाली 'परत चालू', तीन पॉइंट चाळीस. …हे तुमी घातलेत? …अवो, पण सेल आता तीन सत्तावीसवर हायत. फ्रीजरचं मशीन सुरू होताना जरा वेळ वढ बसते, तवा वीसच्या खाली गेले असतील. दार लागलं. आता दार उघडायला चाळीस पाहिजे. …ऊन हाय ना? हाय की! पण इन्व्हर्टर मेलाय, तर उन्हाची वीज बॅटरीत जाणार कशी? …इन्व्हर्टर चालू करायला बॅटरी लागते. …आन् बॅटरी चालू व्हायला इन्व्हर्टर लागतो. वेड जाईना म्हणून लगीन होईना, आन् लगीन होईना म्हणून वेड जाईना!"

शिवम्मा गोधडीचं टोक नीट करता करता म्हणाल्या, कुणाचं लगीन ठरलं गं? कावेरीनं हातानंच त्यांना थांबवलं. गुडघ्यावर तिनं एक घडी पडलेला कागद उघडला होता. बॅटरीबरोबर आलेला तो कागद महांतेशनं पहिल्याच दिवशी बाजूला टाकला होता. व्हिडिओत समदं असतंय, म्हणाला. कावेरीनं तो देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवला होता, आणि आज सकाळी चार तास नवऱ्यानं फोन उचलला नाही, तेव्हा तोच वाचत बसली होती. इंग्रजीत होता, पण आकडे इंग्रजीतले असले तरी आकडेच.

"…मी सांगू? कागदावर लिवलंय, बंद दोन पॉइंट ऐंशीला. …परत चालू तीन पॉइंट दहाला. …हो, कंपनीचाच कागद. …न्हाई, कंपनीला कमी कळतंय असं मी न्हाई म्हणत, तुमी म्हणायलाव. …वीस वर्षं टिकावी म्हणून? अवो, कामच न्हाई केलं तर चाळीस वर्षं टिकंल! नवी साडी नेसायचीच न्हाई, तर ती फाटंल कशाला? …हो, हो… अवो ऐका की! जपायची तर हायच. दोन ऐंशी म्हणजेबी जपणंच हाय, त्याच्या खाली ती जाऊच देत न्हाई. …त्या व्हिडिओतला माणूस राहतो कुठं? …परदेशात. त्याच्याकडं डीपी जळती का? …मग! …मी बदलायले. …विचारून न्हाई, सांगून बदलायले. बंद, दोन पॉइंट ऐंशी. …चालू, तीन पॉइंट दहा. …दाबलं."

काही झालं नाही. कावेरीचं बोट तसंच फोनवर राहिलं. अकरा बायकांची तोंडं तिच्या डोळ्यांपुढून सरकली. सगळ्यात आधी सरस्वतीबाई, जिच्या बोटांना बिया काढून काढून चिरा पडल्या होत्या. मग पेटीतून 'खट' असा आवाज आला. भिंतीवरचा इन्व्हर्टर दोनदा किणकिणला, पंख्याचं पातं आळस दिल्यासारखं हललं, आणि गोधड्यांच्या खाली फ्रीजर घुरघुरायला लागला.

"…थांबा, थांबा, काही बोलू नका. …झाला. झाला चालू! …हो, सोलरचा बाणबी हालायलाय, बॅटरीत चाललंय. …आत? बघते. उणे दहा दाखवायलंय. …चारपर्यंत जाईल की पंधराच्या खाली, पाच तास हायत. …पिशव्या दगडासारख्याच हायत, वरच्या सहा तेवढ्या मऊ पडल्यात. …त्या गाडीत न्हाई द्यायच्या. …कुणाच्या म्हणजे? आपल्या धरायच्या. बॅटरी आपली, तर मऊ पिशव्याबी आपल्याच. …बासुंदी करते. …आणा नानांनाबी."

ती भिंतीला टेकून बसली. घाम आता कुठं पुसला. आणि तेव्हा तिला मागचं बोलणं ऐकू आलं. स्पीकर अजून चालूच होता, आणि गहिनीनाथ नाना कुणाला तरी काही सांगत होते.

"…एक मिनिट. नाना काय म्हणायलेत? …त्यांच्याकडंबी रोज संध्याकाळी बंद पडते? …म्हणून आज बोलावलं तुमाला? …आन् तुमी काय सांगितलं? …दुसरी बॅटरी घ्या?"

कावेरीनं गुडघ्यावरचा कागद पुन्हा उचलला.

"…अवो, नानांच्या बॅटरीत कितीचा आकडा घातलाय? …मी विचारायले, बंद कितीला? …तीन वीस. …आन् उमापूरला? …आन् बंकटमामांकडं? …समद्यांकडं? …किती घरं झाली ती? …सात."

सात घरांत सात राखणदार, सगळे दार लावून बसलेले, आणि आत एक्केचाळीस-एक्केचाळीस टक्के तसेच पडून. महांतेशनं कुणाला फसवलं नव्हतं. कावेरीला ते पक्कं ठाऊक होतं. त्याला खरंच वाटत होतं की आपण सात घरांच्या बॅटऱ्या वाचवल्या. आत्ता मात्र तो तेलगावच्या ओसरीवर दहा माणसांमध्ये बसला होता, आणि त्याचा आवाज पोरानं पाटी फोडल्यावर होतो तसा झाला होता. एक शब्द ती मोठ्यानं बोलली असती तर संध्याकाळपर्यंत तो शब्द पार तालुक्याला, केजला पोहोचला असता. सकाळपासून अकरा वेळा न उचललेला फोन तिला आठवला. सोळा ऑगस्टही आठवला. शब्द तिच्या जिभेवर होता.

"…हां, नाना, बोला. …न्हाई वो, चुकलं कुठं? …यांची पद्धतच हाय तशी. पहिले काही दिवस राखणदार कडक ठेवायचा. सोळाच्या सोळा सेल सारखे चालतात का, ते बघायचं. चालले की मग दोन ऐंशीला सोडायचा. …हां, आज त्याच्यासाठीच आलेत ते. …दुसरी बॅटरी? सध्या नको, नाना. आधी आकडा सुधारून पंधरा दिवस बघा. …हो, आन् बाकीच्या सहा घरीबी जाणार हायत ते. उद्यापासून. …होय ना वो? जाणार ना? …जाणार म्हणतायत."

मग थोडी खुडबुड झाली. कुणीतरी चपला घातल्या, उठून अंगणात गेलं, आणि आवाज एकदम जवळ आला.

"…काय? …जरा मोठ्यानं बोला. …हां. …ऐकू आलं. …न्हाई, परत कशाला, एकदा म्हणलात तेवढं पुरं. …बरं. …जेवून या."

कावेरीला हसू आलं. नवरा वाईट नव्हता. अंगणात तर फारच चांगला होता. पण पावलं परत ओसरीकडं वळली, आणि फोन पुन्हा दहा माणसांमध्ये जाऊन बसला.

"…काय? …परत स्पीकर लावलात का? …हो. …हो, हो, तुमीच सांगितलं, दोन ऐंशी. …मी फक्त बटण दाबलं. …हां, फोनवरूनसुद्धा करता येतं, समजावून सांगणारा माणूस पाहिजे. …खरंय, नाना, लई नशीबवान हाय मी."

बोलता बोलता तिनं मोठ्या फोनवर पासवर्ड बदलून टाकला. नवा काय ठेवला ते शिवम्मांनाही दिसू दिलं नाही.

"…आता काय, नाना? …दोन ऐंशी बरं का दोन नव्वद? …फरक हाय की. …न्हाई, मी कशाला सांगू, मी दुकानात बसणारी बाई. जाणकार माणूस तुमच्याच ओसरीवर बसलाय, त्यालाच विचारा. ठेवते."